जव्हारच्या पाड्यावर दोन वर्गखोल्या : कामाच्या नोंदी

पालघर जिल्ह्यात जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेची नवी इमारत उभी राहिली. पैसा एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीतला. काम करून घेणाऱ्या संस्थेतर्फे मी साइटवर होतो. पाड्याचं, कंपनीचं, कंत्राटदाराचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. डोंगरी भागात, जिथे पावसाळ्यात पाऊस थांबत नाही आणि उन्हाळ्यात टँकर लागतो, अशा ठिकाणी जे शाळा बांधायला घेतील त्यांच्यासाठी या नोंदी आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. या कामात पैसा मिळणं हा सगळ्यात सोपा भाग होता. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि इथलं पाणी त्याच्याही आधी संपतं. या दोन्हींचा मेळ घालण्यातच आमची निम्मी शक्ती गेली.

१० मे २०२३

शाळा पाहिली. पहिली ते पाचवी, पट ४१, शिक्षक दोन. दोन खोल्या, दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं. एका खोलीचे वासे वाळवीने पोखरलेत, त्यामुळे ती कुलूपबंद. उरलेल्या एका खोलीत पाची वर्ग पाठीला पाठ लावून बसतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, अडथळा नसलेली ये-जा असं सगळं लिहिलेलं आहे. इथे स्वच्छतागृह आहे, पण त्यात पाणी नाही, म्हणून त्यात लाकूडफाटा ठेवलाय.

मोडकळीला आलेली खोली पाडायची तर आधी निर्लेखनाचा, म्हणजे ती सरकारी नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव जातो. बांधकाम उपविभागाचा अभियंता पाहणी करतो, मग कागद वर सरकतो. त्याची वाट पाहत बसलो तर हंगाम हातचा जाईल. म्हणून ठरवलं की जुन्या इमारतीला हात लावायचा नाही, शेजारच्या मोकळ्या जागेत नवी बांधायची. याचा दुसरा फायदा मोठा होता: बांधकाम चालू असताना मुलांना कुणाच्या पडवीत बसवायची वेळ आली नाही. पुढे काही मंडळी ‘जुनं पाडूनच टाका ना’ म्हणाली, पण गुरुजी आणि आम्ही ठाम राहिलो.

२२ जून २०२३

जागेचे कागद काढले. शाळा ज्या तुकड्यावर आहे तो वनखात्याच्या नावावर आहे. शाळा कित्येक वर्षं तिथेच आहे, पण नव्या बांधकामाला परवानगी लागणारच.

पाड्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी स्वतःची जागा देऊ केली होती. मन भरून आलं, पण तो रस्ता घेतला नाही. आदिवासी खातेदाराची जमीन दुसऱ्याच्या नावावर करायची तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं, आणि ते येतं ते योग्यच आहे. शिवाय त्या कुटुंबाकडे भाताचं तेवढंच एक खाचर होतं.

खरा मार्ग वनहक्क कायद्यात सापडला. २००६ च्या या कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी अशा गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. प्रस्ताव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांकडे जातो. कंपनीच्या माणसांना हा रस्ता माहीतच नव्हता. ‘वनजमीन’ हा शब्द ऐकून त्यांनी दुसरं गाव शोधायचं ठरवलं होतं. ज्यांच्या गावात अशीच अडचण असेल त्यांनी हे कलम छापून बरोबर ठेवावं.

१५ ऑगस्ट २०२३

ग्रामसभा. जव्हार पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे पेसा (अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू आहे आणि पाड्याची स्वतःची ग्रामसभा भरते. आजचा दिवस मुद्दाम धरला. भातलावणी उरकलेली असते आणि सगळी माणसं गावात असतात. दिवाळीनंतर निम्मी घरं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात, मग गणपूर्तीही होत नाही.

ठरावात जागेची शिफारस, तोडायच्या झाडांची यादी आणि इमारत जिल्हा परिषदेच्या ताब्यात जाईल हे लिहून घेतलं. आराखड्यात मोहाचं एक मोठं झाड मध्ये येत होतं. बायकांनी सरळ सांगितलं, मोह तोडायचा नाही. इमारतीची आखणी पाच फूट सरकवली. कागदावर हा बदल पाच मिनिटांचा, पण तो आज झाला म्हणून. पाया खोदल्यावर कळलं असतं तर काम थांबलंच असतं.

१२ सप्टेंबर २०२३

सामंजस्य करार. तीन पक्ष: कंपनी, आमची संस्था, जिल्हा परिषद. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, पण तो सत्कारणी लागला. तीन मुद्दे लिहून ठेवतो.

पहिला, मालकी. २०२१ च्या नियमबदलानंतर सीएसआरच्या पैशातून झालेली मालमत्ता कंपनी स्वतःच्या नावावर ठेवू शकत नाही. इमारत जिल्हा परिषदेची. मग शाखा अभियंत्याची पाहणी प्रत्येक टप्प्याला हवी, शेवटी एकदम नको. हे करारात घातलं. कंपनीला नावाचा फलक हवा होता, तो दोन बाय तीन फुटांचा ठरला.

दुसरा, आर्थिक वर्ष. कंपनीच्या पत्रात ‘काम ३१ मार्च २०२४ पूर्वी पूर्ण’ असं होतं. ऑक्टोबरपर्यंत पाऊस, वनखात्याची परवानगी यायची बाकी, पुढे होळी. मार्चपर्यंत पूर्ण करणं म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंग मारणं. कंपनी कायद्याच्या कलम १३५(६) मध्ये याची सोय आहे. संचालक मंडळाने प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केला तर न खर्चलेले पैसे वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायचे आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरायचे. आम्ही हट्टाने तसा ठराव करून घेतला. या एका कागदाने पुढे इमारत वाचवली.

तिसरा, साइट इंजिनीअरचा पगार. कंपनीच्या हिशेब विभागाचं म्हणणं, प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पगार त्यातच बसवा. नियमातली व्याख्या दाखवली: ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण प्रशासनाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांचा थेट खर्च त्यात येत नाही. मान्य झालं. रोज साइटवर उभा राहणारा माणूस नसेल तर हे काम घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मंजूर रक्कम ३८ लाख. त्यातले ३६ लाख बांधकामाचे, १८ टक्के जीएसटी धरून. संस्थेला त्या जीएसटीचा परतावा मिळत नाही, त्यामुळे अंदाजपत्रकात तो पहिल्यापासून धरा. उरलेले २ लाख ‘डिजिटल वर्गा’साठी.

३० सप्टेंबर २०२३

मुंबईहून आलेला नकाशा बदलला. त्यात सपाट स्लॅब होता, भोवती पॅरापेट (कठडा) आणि पाणी जायला चार बारीक पाइप. जव्हारच्या पावसात पालापाचोळ्याने ते पाइप पहिल्याच महिन्यात तुंबतील आणि स्लॅबवर तळं होईल. पत्र्याचा पर्याय स्वस्त होता. गुरुजींनी तो एका वाक्यात बाद केला: ‘जुलैत पत्र्याखाली मी काय शिकवतो ते पहिल्या बाकावरच्या पोरालाही ऐकू येणार नाही.’ हे कुठल्याही नकाशात लिहिलेलं नसतं, म्हणून आधी शिक्षकाला विचारा.

शेवटी उतरता आरसीसी स्लॅब, पॅरापेट नाही, चारही बाजूंनी अडीच फूट बाहेर काढलेला. व्हरांडा नैर्ऋत्येला, सात फूट रुंद, कारण झड तिकडून येते. दोन्ही वर्ग २० बाय २५ फुटांचे. दारं बाहेर उघडणारी.

१८ ऑक्टोबर २०२३

पाऊस उघडला. परवानगीचा कागद अजून फिरतोय, पण जुन्या शाळेच्या आवारातली टाकी बांधायला हरकत नाही असं लेखी मिळालं. सगळ्यात आधी टाकी बांधायची, हा निर्णय या कामातला सगळ्यात मोलाचा ठरला.

फेरोसिमेंटची (जाळीवर सिमेंट थापलेली), २० हजार लिटरची. हिशेब साधा आहे. ४१ मुलं, प्यायला आणि हात धुवायला माणशी पाच लिटर धरले तर रोजचे साधारण २०० लिटर. म्हणजे शाळेचे शंभर दिवस. फेब्रुवारी ते उन्हाळ्याची सुट्टी निघते. छपरावर पडणारं पाणी याच्या कितीतरी पट आहे, पण साठवायला तेवढे पैसे नाहीत. खर्च एक लाख चाळीस हजार.

छप्पर अजून नाही, मग आत्ताच टाकी कशाला? कारण खालचा ओहोळ डिसेंबरअखेरपर्यंत वाहतो. तोवर पंप लावून टाकी भरून ठेवायची आणि तेच पाणी बांधकामाला वापरायचं.

२१ नोव्हेंबर २०२३

दिवाळी झाली, वनखात्याची परवानगी आली. आखणी केली, जेसीबीने खोदाई सुरू. सामानाचा ट्रक डांबरी रस्त्यावरच थांबतो, पुढे दोन किलोमीटर ट्रॅक्टर. प्रत्येक सिमेंटच्या गोणीला, प्रत्येक विटेला ही दुसरी वाहतूक लागते. अंदाजपत्रकात ती धरलेली नव्हती. शेवटी नव्वद हजारांच्या घरात गेली.

२७ नोव्हेंबर २०२३

काल अवकाळी पाऊस झाला. राज्यभर झाला, नाशिककडे गारा पडल्या. आमचे खड्डे पाण्याने भरले, कडा ढासळल्या, तळाचा मुरूम चिखल झाला. पाणी उपसलं, भिजलेला थर खरवडून काढला, कडक मुरमापर्यंत पुन्हा गेलो. वेळ गेला, पण खाली काय आहे ते नीट दिसलं.

जागा उतारावर आहे. डोंगराकडच्या बाजूला तीन फुटांवर कडक मुरूम लागला. दरीकडच्या बाजूला वरचा सगळा भराव, सात फूट खाली गेल्यावर कडक लागलं. कंत्राटदाराचं म्हणणं, सगळे खड्डे चार फुटांवर थांबवू, खाली सोलिंग (दगडांचा थर) टाकू. मी नाही म्हटलं. अर्धी इमारत खडकावर आणि अर्धी भरावावर असली की दोन पावसाळ्यांत मधोमध तडा जातो. सगळ्या फुटिंगा (कॉलमचे पाये) कडक थरावर नेल्या. वाढीव खर्च दोन लाख दहा हजार. हा पैसा जमिनीखाली गेला, फोटोत कुठेच दिसत नाही. कंपनीला तो समजावून सांगायला खड्ड्यात टेप धरून फोटो काढून ठेवले होते, तेच कामी आले.

९ डिसेंबर २०२३

सळईचं काम. इथे जरा थांबतो, कारण ही चूक मी सगळीकडे पाहतो.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसतात. जव्हार तिथून लांब नाही. शाळा आहे, आत मुलं बसणार आहेत. कॉलमच्या रिंगांचे हूक १३५ अंशांत आत वळलेले हवेत, म्हणजे हादऱ्यात रिंग उघडत नाही आणि उभ्या सळया जागच्या जागी राहतात. फिटरने नेहमीच्या सवयीने सगळ्या रिंगा ९० अंशांत वाकवून ठेवल्या होत्या. ढीग तयार होता, दिसायला एकदम नीटनेटका.

मी एक रिंग हातात घेतली, दोन बोटांनी हुकाचं टोक बाहेर ओढून दाखवलं. ते सहज उघडलं. मग १३५ अंशांची एक रिंग करून त्याच्या हातात दिली. तो ती ओढत राहिला, उघडेना. नंतर त्याला काहीच सांगावं लागलं नाही. ढीग परत वाकवायला घेतला. दोन-तीन दिवस गेले, मजुरी थोडी वाढली. कॉलम भरून झाल्यावर हे कुणालाही कळत नाही, त्यामुळे भरायच्या आधी प्रत्येक कॉलम बघा. कव्हर ब्लॉकही (सळई साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे) त्याच वेळी मोजा: फुटिंगला ५० मिलिमीटर, कॉलमला ४०.

रेती म्हणून क्रशरची वाळू घेतली. खाडीची रेती स्वस्तात मिळत होती, परत पाठवली. तिच्यातलं मीठ सळईला खातं.

१९ जानेवारी २०२४

जोतं झालं, कॉलम वर आले. कंपनीची माणसं पाहायला आली. वर्गात मुलं मोजली तर २३. ‘प्रस्तावात ४१ होती, बाकीची कुठे?’ असा प्रश्न आला, आणि पुढे दबक्या आवाजात, एवढ्या मुलांसाठी दोन खोल्या कशाला?

गुरुजींनी हजेरीपट काढला. कोण कुठल्या भट्टीवर, कोणत्या गावी, हे प्रत्येक नावापुढे लिहिलेलं होतं. जी मुलं थांबली आहेत त्यांतली काही हंगामी वसतिगृहाच्या योजनेवर, आजीकडे राहून. गुरुजी म्हणाले, ‘साहेब, जूनमध्ये या. तेव्हा बसायला जागा नसते.’ पाहुण्यांपैकी एका ताईंनी ते पान बराच वेळ वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं. त्यानंतर तो प्रश्न पुन्हा निघाला नाही.

स्थलांतराच्या गावात शाळेला निधी मागताना पट कोणत्या महिन्याचा आहे हे प्रस्तावातच लिहा.

१३ फेब्रुवारी २०२४

स्लॅब. सकाळी सातला सुरू केला. उतरत्या स्लॅबला काँक्रीट घट्टच लागतं, नाहीतर ते खाली घसरतं. पागोळीच्या बाजूकडून वर चढत जायचं. पहिल्या दोन ओळींत व्हायब्रेटर वरून लावला आणि माल घसरून कडेला जाड, वर पातळ झाला. खिळ्यावर जाडीची खूण करून ती जागोजागी टोचत गेलो. जिथे पाच इंच भरत नव्हती तिथे ताजा माल असतानाच भर टाकली.

दुपारी दोनच्या सुमाराला मिक्सर बंद पडला. दुसरा जव्हारहून यायला संध्याकाळ झाली. तोवर आधीचं काँक्रीट घट्ट झालं आणि मधला सांधा थंड पडला. त्यावर सिमेंटची घट्ट लापशी मारून पुढे गेलो, पण हा सांधा पावसात त्रास देणार हे तेव्हाच दिसत होतं. स्लॅबच्या दिवशी दुसरा मिक्सर साइटवर उभा हवा. भाडं द्या, चालला नाही तरी चालेल.

१७ फेब्रुवारी २०२४

या नोंदी लिहायचं खरं कारण आजचा दिवस आहे.

उतरत्या स्लॅबवर आळी करून पाणी साठवता येत नाही. गोणपाट अंथरून ते सतत ओलं ठेवावं लागतं. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं), म्हणजे किमान दहा दिवस. टाकीतल्या वीस हजारांपैकी चारेक हजार लिटर काँक्रीट कालवण्यात आणि धुण्यात गेले. उरलेलं रोज दीड-दोन हजार लिटर वापरलं तर पुरलं असतं. पण पाइपच्या एका जोडाला गळती होती, ती रात्रभर चालू राहिली. सकाळी टाकी तळाला.

टँकर सांगितला, तो आला नाही. कंत्राटदाराच्या मुलांनी कुणाला न विचारता पहाटे पाड्याच्या विहिरीत पंप टाकला.

फेब्रुवारीत त्या विहिरीला जे पाणी असतं ते झऱ्याचं. बायका पहाटे येतात, वाटीवाटीने भरेल तेवढं हंड्यात घेतात, मग झरा भरायची वाट पाहत बसतात. आज त्या आल्या तेव्हा तळ दिसत होता. पंधरा-वीस बायका रिकामे हंडे घेऊन साइटवर आल्या आणि स्लॅबखाली उभ्या राहिल्या. आरडाओरडा नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष असलेल्या ताई म्हणाल्या, ‘शाळा आमचीच हाय. पण ह्या विहिरीचं पाणी नाय घ्यायचं.’

पंप तिथल्या तिथे काढला. पहिला टँकर मिळाला तो विहिरीत ओतला, दुसरा टाकीत. मग ताईंबरोबर बसून ठरवलं: बांधकामाचं पाणी फक्त धरणावरून टँकरने येईल, विहिरीजवळ पंप जाणार नाही. टँकर आला की त्यातले आधी काही हंडे घरांना आणि मग स्लॅबला. हे वहीत लिहून दोन्ही बाजूंनी सह्या केल्या. पाच हजार लिटरच्या टँकरला अठराशे रुपये. कामाच्या अखेरीपर्यंत टँकरचा खर्च चाळीस हजारांवर गेला. अंदाजपत्रकात पाण्याच्या नावाने एक रुपया नव्हता, कारण दरसूचीत पाणी मालाच्या दरातच धरलेलं असतं. या भागात ते वेगळं धरा.

गोणपाटावर प्लॅस्टिकचा कागद अंथरल्यावर पाणी जवळजवळ निम्मं लागायला लागलं. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

६ मार्च २०२४

टेकू काढले. वर्गाचा गाळा मोठा आहे, म्हणून स्लॅबला चौदा दिवस आणि तुळयांना एकवीस दिवस दिले. २८ दिवसांचे क्यूब (काँक्रीटच्या मजबुतीच्या चाचणीचे ठोकळे) पुढच्या आठवड्यात, सात दिवसांचे चांगले आले आहेत.

२८ मार्च २०२४

१६ तारखेपासून लोकसभेची आचारसंहिता. २४ ला होळी. होळीला भट्टीवरची माणसं घरी येतात आणि काम आठवडाभर बंद राहतं. ते आधीच धरलं होतं. इथे होळी दिवाळीहून मोठी आहे.

कंपनीकडून रोज फोन: ३१ च्या आत सगळी बिलं पाठवा, काम झालेलं नसलं तरी. नाही पाठवली. झालेल्या कामाचंच बिल दिलं, बाकी रक्कम चालू प्रकल्पाच्या खात्यात गेली. सप्टेंबरचा तो ठराव नसता तर आज गिलावा, फरशी आणि स्वच्छतागृह घाईत उरकावं लागलं असतं.

‘डिजिटल वर्गा’चे २ लाखही आज मार्गी लागले. शाळेचं वीजबिल आधीच थकलेलं आहे. मोठा पडदा बसवला तर तो कपाटात जाईल. गुरुजींनी लेखी दिलं की त्या पैशातून स्वच्छतागृहाला वरची टाकी, हातपंप आणि पाइपलाइन द्या. कंपनीने मानलं. त्यांच्या बाजूच्या त्या जानेवारीत आलेल्या ताईंनी हे पुढे रेटलं.

१४ मे २०२४

गिलावा, शहाबादी फरशी, स्वच्छतागृह झालं. रॅम्प गवंड्याने आठाला एक असा चढा केला होता, कारण समोर जागा कमी होती. चाकाच्या खुर्चीला बाराला एक हवा. तोडून, मध्ये वळण देऊन पुन्हा केला. २० तारखेला पालघरचं मतदान आहे आणि केंद्र याच शाळेत. मतदान अधिकाऱ्यांनी रॅम्प आणि स्वच्छतागृह पाहून नवी खोली मागितली. फरशी झाली होती, दिली. पुढे मतदानाच्या दिवशी पाड्यातल्या एका आजींना नातवाने खुर्चीत बसवून त्याच रॅम्पने वर नेलं.

दरीकडच्या बाजूला दगडी पिचिंग (उताराची माती धरून ठेवणारं दगडांचं अस्तर) केलं, ऐंशी हजार.

१५ जून २०२४

शाळा भरली. आचारसंहितेमुळे उद्घाटन झालं नव्हतं, तेही आज साधेपणाने उरकलं. पट ४४. दोन्ही खोल्या भरल्या.

२६ जुलै २०२४

पहिल्या पावसाळ्यात जे बिघडलं ते असं. स्लॅबच्या थंड सांध्यातून पाणी झिरपलं, दुसरीच्या मुलांच्या डोक्यावर. तात्पुरतं बाक सरकवले. पन्हळ चार इंची पीव्हीसीची होती, ती एका सरीतच भरून वाहायला लागली. सहा इंची पत्र्याची बसवली, प्रत्येक तीन फुटांवर कडी. टाकीत पहिल्या पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून वळवायचा नळ ठेवला होता, पण तो उघडा ठेवायचं कुणाच्या लक्षात राहत नव्हतं. पाचवीच्या मुलांनी ते काम वाटून घेतलंय, भिंतीवर पाळी लिहिली आहे.

पागोळ्यांचं पाणी जोत्याजवळ पडून खड्डा करत होतं. खाली दगडांची चर भरली.

५ नोव्हेंबर २०२४

उघाडीत सांधा दुरुस्त केला. सांध्यालगत व्ही आकाराची खाच काढली, सिमेंटचं ग्राउटिंग केलं, वरून पॉलिमरचे दोन हात. खर्च कंत्राटदाराच्या रोखून ठेवलेल्या पाच टक्क्यांतून. ती रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत सोडू नका.

एकूण खर्च बांधकामाचा ४० लाख २० हजार आणि डिजिटल वर्गाऐवजी झालेलं पाण्याचं काम २ लाखांत. मंजूर ३८ लाखांच्या वर जे गेले ते कंपनीने पुढच्या वर्षाच्या निधीतून दिले. पाया, वाहतूक, टँकर आणि पिचिंग या चारच गोष्टींत सगळी वाढ आहे. पुढच्या अंदाजपत्रकात या चारही ओळी वेगळ्या घालतोय.

१८ फेब्रुवारी २०२५

कालच टाकीची पातळी मोजली. निम्म्याहून थोडी जास्त आहे. विहीर तळाला गेली आहे. समितीने ठरवलंय की शाळेच्या नळाचं पाणी मुलांनी घरी जाताना एकेक बाटली न्यायचं, त्याहून जास्त नाही. परीक्षेपर्यंत पुरेल असा गुरुजींचा हिशेब आहे. दुसऱ्या टाकीचा प्रस्ताव, तीस हजार लिटरची, आज जिल्हा परिषदेकडे दिला. ऑक्टोबरमध्ये बांधायला घ्यायची तर ठराव १ मेच्या ग्रामसभेत व्हायला हवा.